घड्याळकाकूंची पंधरा मिनिटं

समजा, तुम्हाला एका बाईला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायचं आहे. बाईचं वजन अडुसष्ट किलो. ती तुम्हाला काडीचीही मदत करणार नाही, कारण तिचं उजवं अंग आता तिचं ऐकत नाही. खोली दहा बाय आठ. पलंग भिंतीला लागून, म्हणजे हात एकाच बाजूने पोचणार. घरात तुमच्याशिवाय कोणी नाही. तुमचं वजन एकोणपन्नास किलो आणि गॅसवर दूध ठेवलेलं आहे. करा सुरुवात.

पहिल्यांदा तुमचे हात कुठे जातील ते सांगू? तिच्या काखेत. लहान मूल आपण तसंच उचलतो, त्यामुळे हातांना तेवढंच ठाऊक असतं. मूल दहा किलोचं असतं आणि आपण होऊन गळ्याला मिठी मारतं, हा फरक हातांच्या लक्षात येत नाही.

घड्याळकाकूंनी हे काम नऊ वर्षं केलं. त्यातली पहिली तीन वर्षं चुकीचं केलं. चुकीचं केलं हे कळायला त्यांना आणखी दहा वर्षं लागली, आणि ते कळलं गावातल्या बायकांच्या मंडळाच्या बैठकीत, चारचौघींच्या देखत.

नाव अर्थातच मंडळाने ठेवलेलं. त्यांच्या सासूबाईंना झटका आला तेव्हा काकू एकतीस वर्षांच्या होत्या. एका सकाळी सासूबाईंची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “दर दोन तासांनी कूस बदलत राहा, नाहीतर पाठीला जखमा होतील.” कशी बदलायची ते सांगितलं नाही. पोहायला येतं का न विचारता विहिरीत ढकलावं, तसंच झालं. काकूंनी भिंतीवर घड्याळ लावलं आणि कामाला लागल्या. नऊ वर्षं दर दोन तासांनी. पाठीला एकही जखम झाली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा त्याच डॉक्टरांनी पाठ दोनदा वळवून बघितली होती.

सासूबाई गेल्या, पण घड्याळ अंगातून गेलं नाही. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली तरी काकू दर दोन तासांनी उठायच्या. बैठक रंगात आलेली असो, कोणी रडत असो, वेळ झाली की काकू उठून दारापर्यंत जायच्या, बाहेर बघायच्या आणि परत येऊन बसायच्या. कुठे जायचं होतं हे त्यांचं त्यांनाच आठवत नसे.

“वाजले बघा!” गिरणीवाली ओरडायची. “घड्याळ उठलं!”

पिठाची गिरणी चालवणारी ही बाई मंडळातली सगळ्यांत दांडगी. आवाजही गिरणीच्या पट्ट्यावरून पलीकडे पोचेल असा. काकूंना त्या हाकेचा राग येत नसे. उलट बरं वाटायचं. निदान आपल्या उठण्याला कोणीतरी नाव दिलं होतं.

मंडळाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीनला, काट्याच्या खोलीत. खोली म्हणजे एके काळचं गोदाम. तिथे पूर्वी पोती तोलली जायची. पोती गेली, पण जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा तसाच राहिला. बैठकीला येणारी प्रत्येक जण आधी त्याच्यावर उभी राहायची, आकडा बघायची आणि काटा बिघडलाय असं जाहीर करून चटईवर बसायची. गिरणीवाली तेवढी अपवाद. ती आकडा मोठ्याने वाचायची. “ब्याऐंशी! घरचं खाते, कोणाचं काही घेत नाही!”

या मंडळाचा एक नेम होता, तो दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पत्रं वाचून झाली, वर्गण्यांचं बोलून झालं, की अध्यक्ष डब्यातून एक चिठ्ठी काढायच्या. जिचं नाव निघेल तिने पुढची पंधरा मिनिटं आपल्याला येणारं काहीतरी शिकवायचं. अट एकच: तोंडाने नाही, हाताने. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तरीणबाई. तीस वर्षं मुलांसमोर बोलून त्यांचा बोलण्यावरचा विश्वास उडालेला असावा. त्या नेमामुळे गावातल्या बायका गळका नळ स्वतः दुरुस्त करू लागल्या होत्या. बोथट सुरीला कपाच्या बुडावर धार लावायच्या. एका आजींनी तर फक्त सुईत दोरा ओवून दाखवला होता, पण डोळे मिटून असा, की चष्मा विसरलेल्या दोघीतिघींनी त्यांचे हात हातात घेतले.

काकूंची चिठ्ठी सहा वर्षांत तीनदा निघाली होती. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, “मला बाई काही येत नाही.” न शिकवणारीने बैठकीनंतर खोली झाडायची असा दंड होता. काकू खोली इतकी लख्ख झाडायच्या की मास्तरीणबाई म्हणायच्या, “हेच शिकवा की!”

येत होतं, पण दाखवायचं कसं? शेजारीपाजारी नऊ वर्षं म्हणत आले होते, सून असावी तर अशी. ते ऐकलं की काकू विषय बदलायच्या. आपल्या कामात कुठेतरी काहीतरी वाकडं गेलेलं आहे असं त्यांना वाटत राहायचं. काय ते सापडत नसे. न सापडलेलं वाकडं घेऊन लोकांना सरळ शिकवायला उभं कसं राहायचं? त्यापेक्षा झाडू बरा.

त्या शनिवारी पोस्टातली उशिरा आली. गावात पत्रं वाटणारी ही तरणीताठी मुलगी. एरवी सायकलवरून उडी मारून उतरणारी, त्या दिवशी सायकल ढकलत आली आणि भिंतीला धरून खाली बसली.

“कमरेचं काय केलंस गं?” गिरणीवालीने विचारलं.

“बाबांना उचलते ना रोज.” तिच्या वडिलांना महिन्यापूर्वी झटका आला होता. डावी बाजू गेली होती. आई नव्हती, भाऊ नव्हता. “आणि ते ओरडतात कसे! हात लावला की सोड, सोड करून अंगावर येतात. आज तर थोबाडीत मारायला हात उचलला त्यांनी. उजवा चालतो ना. जाऊ दे, स्वभावच तसा आहे त्यांचा.”

“म्हाताऱ्यांचं असंच,” कोणीतरी म्हणालं. “सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.”

काकूंच्या हातातून चटईची कड सुटली. ही म्हण त्यांच्या घरची होती. शेजारणीने तीच म्हटली होती, तेरा वर्षांपूर्वी, सासूबाईंना पहिल्यांदा खुर्चीत बसवताना. सासूबाई आधीपासून तापट. वाचा गेल्यावर त्यांच्याकडे एकच आवाज उरला होता: “अं.” उचललं की “अं.” घशातून, दात आवळून, डोळे वटारून. काकूंना वाटायचं, राग आहे. सुनेच्या हाताखाली पडून राहावं लागतंय याचा राग. एकदा तर त्या बोलून गेल्या होत्या, “आई, आता तरी राग सोडा. मी काय मारते का तुम्हाला?”

चौथ्या वर्षी काकूंची स्वतःची पाठ धरली, म्हणून त्यांनी उचलायची रीत बदलली. त्यानंतर “अं” कमी झालं होतं. काकू समजल्या होत्या, थकल्या असतील, राग निवला असेल.

आणि आता ही पोरगी म्हणत होती, स्वभावच तसा.

तेवढ्यात डबा वाजला. मास्तरीणबाईंनी चिठ्ठी काढली, चष्म्यातून बघितली आणि उसासा टाकला. “झाडू कुठे आहे ते काकूंना ठाऊक आहेच. पुढची चिठ्ठी...”

“थांबा,” काकू म्हणाल्या. “आज शिकवते.”

सगळ्यांनी आधी काकूंकडे, मग काट्याकडे बघितलं. नंतर गिरणीवाली हळूच म्हणाली, “काटा खरंच बिघडला.”

काकू थेट अध्यक्षांच्या टेबलाकडे गेल्या. वही उचलली, घंटा उचलली, डबा उचलला, सगळं मास्तरीणबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि टेबलावरचं कापड ओढून घेतलं.

“अहो, टेबलक्लॉथ आहे तो!”

“चादर आहे, बाई. मीच दिली होती.” काकूंनी ती लांबीत दुमडली. “आता मला एक आजारी माणूस पाहिजे. जड.”

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. गिरणीवाली उठली, पदर खोचला आणि चटईवर आडवी झाली. “मला हलवलंस तर तुझं नाव घड्याळ नाही, क्रेन!”

“तू नुसती पड. मदत करायची नाही. अंग सोड.”

काकू तिच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसल्या. पलीकडचा, डावा गुडघा वाकवून पाय उभा केला. डावा हात छातीवरून आपल्याकडे आणला. मग एक तळवा त्या गुडघ्यावर, दुसरा खांद्याच्या मागे. “उचलायचं नाही,” त्या म्हणाल्या, “गुडघा आपल्याकडे ओढायचा. गुडघा आला की कंबर येते. कंबर आली की बाई येते.” आणि ब्याऐंशी किलोची गिरणीवाली, पुस्तकाचं पान उलटावं तशी, कुशीवर आली.

“आई गं!” गिरणीवाली म्हणाली. “मी वळले का?”

काकूंनी चादर तिच्या पाठीला लावून सारली, तिला परत उताणी केली, खालून कापड आपल्याकडे ओढून घेतलं. आता चादर खांद्यापासून मांडीपर्यंत तिच्या खाली होती. दोघींनी दोन बाजूंनी कडा गुंडाळून मुठीत धरल्या आणि तिला चटईच्या या टोकापासून त्या टोकाला अलगद नेलं. ही अक्कल कुठून आली तेही काकूंनी सांगितलं. त्यांचे यजमान जुनं फर्निचर दुरुस्त करतात. शिसवी कपाट ते कधी उचलत नाहीत. पायांखाली घोंगडी घालतात आणि ओढतात. “चौथ्या वर्षी माझी पाठ धरली तेव्हा ह्यांच्याकडे बघत बसले होते. मनात आलं, कपाटाला घोंगडी मिळते, आईंना का नाही?”

टाळ्या पडल्या. मास्तरीणबाईंनी मांडीवरची घंटा वाजवली. “पंधरा मिनिटं झाली. उत्तम!”

“नाही झाली,” काकू म्हणाल्या. “अजून एक राहिलंय.”

आणि त्या स्वतः चटईवर झोपल्या. “आता मला उचला. चुकीचं उचला. काखेत हात घालून, जशी तू बाबांना उचलतेस तसं.” हे पोस्टातलीला.

“काकू, कशाला उगाच? योग्य ते कळलं की.”

“मला कळायचंय. नऊ वर्षं उचललं मी. मला कोणी उचललं नाही कधी.” त्यांनी डोळे मिटले. “हं. मी जीव सोडते.”

“जीव नको सोडू गं बाई!” गिरणीवाली किंचाळली. “अंग सोड, अंग!”

हशा झाला. त्या हशातच पोस्टातलीने एका बाजूने आणि गिरणीवालीने दुसऱ्या बाजूने काकूंच्या काखेत हात घातले आणि हिसडा दिला. काकूंनी हात खरंच सैल सोडले होते. एकोणपन्नास किलो दोन खांद्यांवर लटकले. खांदे कानांकडे गेले, मान आत गेली, छातीत हवा अडकली. ओरडायला हवा लागते, ती नव्हती. दात आपोआप आवळले गेले, डोळे मोठे झाले आणि घशातून जे निघालं ते काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“अं.”

हसणं थांबलं. दोघींनी त्यांना घाईने खाली ठेवलं. काकू पडून राहिल्या, छताच्या वाशांकडे बघत. सासूबाईही अशाच बघायच्या, वर, नजर न हलवता. दिवसातून सहा वेळा उचलायचं. तीन वर्षं. काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत, पण आकडा त्यांना तिथल्या तिथे सुटला: साडेसहा हजार. साडेसहा हजार वेळा बाईने सांगितलं होतं, दुखतंय. आणि साडेसहा हजार वेळा सुनेने ऐकलं होतं, राग आलाय.

पोस्टातली स्वतःच्या हातांकडे बघत होती. “हेच,” ती म्हणाली. “बाबा ओरडायच्या आधी हेच करतात. डोळे असेच करतात. पण ते बोलू शकतात हो! दुखतंय म्हणायला काय झालं?”

“बाप आहे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “पोरीला दुखतंय म्हणून सांगायचं त्यांना ठाऊकच नसेल.”

काकू उठून बसल्या. आधी कूस, मग हात, मग बूड. स्वतःलाही त्यांनी नियमाप्रमाणेच उठवलं. चादर खांद्यावर टाकली आणि पोस्टातलीला म्हणाल्या, “चल. बाबांना वळवायची वेळ झाली असेल.”

आता इथे जे घडलं ते या मंडळातच घडू शकतं. काकूंना वाटलं, दोघी जाऊ. पण नुकतं शिकलेलं हाताला खाजवत असतं. बैठक बरखास्त न करताच सगळं मंडळ निघालं. पोस्टातलीच्या दोन खोल्यांच्या घरात एकवीस बाया शिरल्या. पलंगावरच्या म्हाताऱ्याने, जो अडतीस वर्षं बस चालवून रिटायर झाला होता, हा जमाव बघून चादर हनुवटीपर्यंत ओढली. काकूंनी त्याला वळवलं. तो ओरडला नाही. चकित होऊन मुलीकडे बघत राहिला. मग गिरणीवाली म्हणाली, “मी एकदा करून बघते.” मग तिच्या मागची. मग तिच्या मागची. पाचव्या खेपेला म्हाताऱ्याने तोंड उघडलं.

“मी काय तव्यावर आहे का गं? सारखं उलटताय ते!”

पोस्टातली हसता हसता रडायला लागली. महिनाभरात बाप तिच्याशी एवढं लांब वाक्य बोलला नव्हता.

पुढच्या बैठकीत मंडळाने कानाला खडा लावला: एका घरी एका वेळी दोघीच. गावात अंथरुणाला खिळलेली पाच माणसं होती. त्यांच्यासाठी दुपारच्या पाळ्या लागल्या, दोन-दोन जणींच्या. ज्यांच्या घरी पाळी जाते तिथल्या बाईने तेवढा तासभर घराबाहेर पडायचं, ही मास्तरीणबाईंची सक्ती. एकीने पहिल्या दिवशी तासभर नुसता चौकात उभं राहून वारा खाल्ला, म्हणे. दुसऱ्या दिवशी केस कापून आली.

काकू प्रत्येक जोडीला आधी आपल्या काट्याच्या खोलीत नेतात, चटईवर झोपवतात आणि चुकीचं उचलायला लावतात. हळूच, एकदाच. तो आवाज ज्यांच्या घशातून निघाला नाही, त्यांना त्या कोणाच्या अंगाला हात लावू देत नाहीत. या एका बाबतीत त्या कोणाचं ऐकत नाहीत, अध्यक्षांचंही नाही. मास्तरीणबाई सत्तरीच्या. तरी झोपल्या आणि उठल्यावर खांदे चोळत बसल्या. “बोलता येत नसेल तर कपाळाकडे बघायचं,” काकू सांगतात. “तोंड खोटं बोलेल, कपाळ नाही बोलत.” हात लावायच्या आधी विचारायचं, आणि उत्तर येणार नाही हे ठाऊक असलं तरी उत्तर येण्याइतकं थांबायचं.

दोन वर्षं झाली याला. काकू अजूनही दर दोन तासांनी उठतात. फरक इतकाच, की आता बहुतेक वेळा कुठेतरी जायचं असतं.

बसवाले बाबा आता काठी घेऊन दारापर्यंत येतात. परवा दुपारी काकू तिकडे गेल्या होत्या. पोस्टातली पत्रं वाटायला बाहेर. बाबा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवत होते. काकूंनी चहा गाळून दिला आणि दोन वर्षं जिभेवर घोळणारं एकदाचं विचारलं.

“बाबा, पहिल्या महिन्यात पोरगी तुम्हाला उचलायची, तेव्हा दुखायचं ना?”

“जीव जायचा.”

“मग तुम्हाला काय वाटायचं? मुद्दाम करते?”

“छे!” बाबांनी कप खाली ठेवला. “पोर आहे माझी. तिला कळत नाहीये, हे मला कळायचं की. राग यायचा, पण तिचा नाही. अंगाचा यायचा.” मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी बसच्या आरशात मागचा प्रवासी बघावा तशी मान किंचित वळवली. “का हो?”

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “सहज.”

वाटेत त्यांची पावलं हळू पडत होती. सासूबाई डाव्या हाताने कधीकधी त्यांचं मनगट धरायच्या. चादरीची रीत सुरू झाल्यावर जास्त वेळा. घट्ट धरायच्या आणि सोडायच्या. ते काय होतं, काकूंनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी एकाच आवाजात उत्तर आलं असतं.

घरी यजमान अंगणात खुर्चीचा पाय घासत बसले होते. काकू त्यांच्यासमोर पायरीवर टेकल्या.

“अहो, तुमच्या आईला कळत असेल का, की मला कळत नव्हतं?”

यजमानांचा हात थांबला. त्यांनी लाकडावरचा भुसा फुंकला, पाय डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का बघितला. “आईला सगळंच कळायचं,” ते म्हणाले.

नवऱ्यांची उत्तरं अशीच असतात. धीर देणारी, आणि उपयोगाची नसलेली. बसवाल्यांनी सूट दिली होती, पण ती पोटच्या पोरीला. सुनेला तेवढी मिळाली असेल का?